घरगुती ईव्ही चार्जर: डबा पास, कागद काठावर, भिंत नापास

भिंतीवर बसवायचा, सिंगल फेजवर चालणारा, टाइप २ गनचा (गन म्हणजे गाडीत खोचायचं केबलचं टोक) ७.४ किलोवॉटचा चार्जर. गाडी बुक करताना शोरूममध्ये हाच पुढे केला जातो आणि ऑनलाइनही याचीच रांग लागलेली असते. दिसायला सगळे भाऊ-भाऊ: काळा प्लास्टिकचा डबा, मधोमध हिरवा-निळा दिवा, पाच मीटर केबल आणि खोक्यावर शिक्क्यांची ओळ. ॲप किती छान, दिवा कसा लुकलुकतो यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे प्रश्न वेगळा आहे: ३२ अँपिअरचा प्रवाह रात्री पाच-सहा तास सलग वाहत असताना हा डबा माणसाला आणि घराला सांभाळतो का, आणि ‘सांभाळतो’ म्हणणाऱ्या कागदांपैकी विश्वास कुठल्यावर ठेवायचा?

निकाल शीर्षकात दिलाच आहे. आता तपशील.

डब्यात काय असतं

याला चार्जर म्हणायची पद्धत पडली आहे, पण एसीचा डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवरचा डबा म्हणजे शहाणा स्विच. म्हणून गाडीतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर ७.४ चा डबा लावून गाडी एक मिनिटही लवकर भरत नाही. गाडीच्या माहितीपत्रकात ऑनबोर्ड चार्जरचा आकडा आधी बघा, मग डब्याची किंमत विचारा.

टाइप २ गनमध्ये सात पिना असतात. त्यातली एक बारीक पिन, कंट्रोल पायलट, सगळा कारभार बघते. डबा तिच्यावर १२ व्होल्टचा सिग्नल सोडतो. गन गाडीत खोचली की गाडीतला रेझिस्टर तो ९ व्होल्टवर आणतो. गाडी ‘आता सोड’ म्हणाली की तो ६ वर येतो. हे ६ व्होल्ट दिसेपर्यंत डब्यातला रिले, म्हणजे विजेने लागणारा-सुटणारा स्विच, लागायचा नसतो, त्यामुळे गन नुसती हातात धरली तर तिच्या जाड पिनांना करंट नसतो. याच सिग्नलमधून डबा गाडीला किती अँपिअर ओढायचे तेही सांगतो: सिग्नल ५३ टक्के वेळ वर राहिला तर ३२ अँपिअर, २७ टक्के राहिला तर १६. चालू चार्जिंगमध्ये पायलटची वायर तुटली किंवा गन ओढली गेली, तर १०० मिलिसेकंदांत रिले सुटला पाहिजे. प्रयोगशाळेत हे सगळं मोजलं जातं.

स्वस्त आणि महाग डब्यांतला फरक बाहेरून दिसत नाही, तो रिलेत असतो. लोड चालू असताना रिले वारंवार सुटला की संपर्कावर ठिणगी पडते आणि कधीतरी तो चिकटून बसतो. मग दिवा ‘चार्जिंग संपलं’ दाखवतो आणि पिना मात्र जिवंत! नीट बांधलेला डबा रिले सोडल्यावर पुढच्या बाजूला व्होल्टेज उरलंय का ते तपासतो आणि उरलं असेल तर लाल दिवा लावून बसतो. माहितीपत्रकात ‘कॉन्टॅक्ट वेल्डिंग’ किंवा ‘रिले वेल्ड’ तपासणीचा उल्लेख शोधा. सापडला नाही तर लेखी विचारा. तोंडी उत्तर ‘सगळं आहे सर’ असंच येणार.

सहा मिलिअँपिअरची भानगड

या संपूर्ण विषयात सर्वांत कमी समजली गेलेली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबू.

घराच्या डीबीचं (एमसीबींचा बॉक्स) झाकण उघडून आतली आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की लाइन तोडणारा स्विच, नीट बघा. तिच्या अंगावर एका छोट्या चौकोनात खूण असते. नुसती नागमोडी रेघ असेल तर ती टाइप एसी. नागमोडी रेघेखाली दोन उंचवटे असतील तर टाइप ए. त्याच्याही खाली एक सरळ आणि एक तुटक रेघ असेल तर टाइप बी. आपल्याकडच्या जुन्या घरांत बहुतेक ठिकाणी पहिलीच सापडते, कारण गीझर आणि फ्रिजसाठी ती पुरत आली.

गाडीच्या चार्जरचं इन्सुलेशन बिघडलं तर अर्थिंगमधून सपाट डीसी गळू शकतो. आरसीसीबीच्या आत एक कोअर असतो आणि तो बदलत्या प्रवाहावर काम करतो. सपाट डीसी त्याला चुंबकाने भारून टाकतो आणि मग खरोखर माणसाला शॉक बसत असला तरी ती पडत नाही. टाइप ए ६ मिलिअँपिअर डीसीपर्यंत तग धरते, त्यापुढे तिचाही भरवसा नाही. म्हणून नियम असा: मागे, डीबीच्या बाजूला, टाइप ए आणि डब्यात ६ मिलिअँपिअरला तोडणारी डीसी तपासणी, नाहीतर मागे थेट टाइप बी. टाइप बी महाग पडते, त्यामुळे चांगल्या कंपन्या पहिला मार्ग घेतात. रिपोर्टमध्ये या तपासणीसाठी आयईसी ६२९५५ हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक दिसतो.

आता यातली मेख. इलेक्ट्रिशियन चार्जरची वायर घराच्या मुख्य टाइप एसी आरसीसीबीतून पुढे काढतो, कारण तिथे एक जागा रिकामी असते. डब्यात डीसी तपासणी नसेल, तर गाडीच्या गळतीने आंधळी होते ती सगळ्या घराची आरसीसीबी. गाडी पार्किंगमध्ये आणि धोका बाथरूमच्या गीझरला. चार्जरची लाइन मीटरनंतर स्वतंत्रच निघाली पाहिजे, घराच्या आरसीसीबीच्या आधी.

खोक्यावर ‘इनबिल्ट आरसीडी ३० एमए’ एवढंच छापलेलं असेल (आरसीडी म्हणजे आरसीसीबीच्याच जातीचं यंत्र) तर त्यातून डीसीबद्दल काहीच कळत नाही. तेवढ्यावर समाधान मानू नका.

कागदांचा रिव्ह्यू

वायर, एमसीबी, सॉकेट घेताना आयएसआयचा शिक्का बघायची सवय आपल्याला आहे. शिक्क्याच्या वर आयएस क्रमांक, खाली सीएम/एल क्रमांक, आणि तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा ते समोर येतं. चार्जरच्या बाबतीत मात्र विक्रेता सहसा पीडीएफ पाठवतो. त्यात चार जातीचे कागद येतात.

पहिला, आयएस १७०१७ भाग १ (भारतीय मानक) किंवा आयईसी ६१८५१-१ नुसारचा पूर्ण टाइप टेस्ट रिपोर्ट. हाच खरा. शॉकपासून संरक्षण, अर्थची सलगता, उच्च व्होल्टेज, पूर्ण लोडवर तापमानवाढ, दमट हवा, आपटणं, पायलटचं वागणं, सगळं यात येतं. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो एका ओळीसाठी, जी प्रत्येक प्रयोगशाळा छापते: निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते. म्हणजे रिपोर्ट त्या एका नगाचा आहे, तुमच्या घरी आलेल्या नगाचा नव्हे. कारखान्याने पुढे रिले बदलला तर रिपोर्टला पत्ता नाही. म्हणून रिपोर्टच्या मागच्या पानांवरची सुट्या भागांची यादी मागा, तिथे रिले, केबल आणि गनची कंपनी व मॉडेल लिहिलेलं असतं. ही यादी द्यायला का-कू करणारा विक्रेता आपोआप एक पायरी खाली.

दुसरा, एआयएस १३८ चा, म्हणजे वाहन उद्योगाच्या मानकाचा रिपोर्ट. भाग १ एसीचा, भाग २ डीसीचा. ही मानकं प्रसिद्ध करते ती पुण्याची एआरएआय, १९६६ सालची संस्था. पुणेकर जिला एआरएआयची टेकडी म्हणतात ती तिच्याच नावाने. कागद चांगला, पण ‘एआरएआय अप्रूव्ह्ड’ हे शब्द बाजारात चिंचोक्यासारखे उधळले जातात. मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर जुळतो का ते बघा. ३.३ किलोवॉटच्या मॉडेलचा रिपोर्ट दाखवून ७.४ चा डबा विकणं ही नेहमीची युक्ती. १५ अँपिअरला थंड राहिलेला डबा ३२ ला थंड राहीलच असं अजिबात नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे चौपटीहून जास्त. मॉडेल जुळलं तर चार, नाही जुळलं तर शून्य.

तिसरा, नुसता आयपी टेस्टचा रिपोर्ट. धूळ आणि पाणी डब्यात शिरत नाही, एवढंच तो सांगतो. आयपी ५५ मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. शॉक, आग, गळती यांच्याशी त्याचा संबंध नाही. पाचपैकी दीड, तोही कोकणातल्या पावसाला मान देऊन.

चौथा, सीई. युरोपात विकताना उत्पादक स्वतःच सही करून ‘आमचा माल नियमात बसतो’ असं जाहीर करतो, त्याची ही खूण. त्रयस्थाने तपासलंच असेल असं त्यातून निघत नाही. सोबत टेस्ट रिपोर्ट नसेल तर त्याचं मोल छापील शाईएवढं. अर्धा गुण.

अमेरिकेतून येणारे नातेवाईक कधी यूएलचा (तिथली तपासणी संस्था) शिक्का असलेला चार्जर आणतात. शिक्का अस्सल असतो. तिथे चार्जरला यूएल २५९४ लागू होतं आणि तपासणी कडक असते. पण गन सहसा टाइप १ ची, पुरवठा २४० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तोही न्यूट्रलशिवाय दोन फेजमधून घेतलेला. इथल्या टाइप २ गाडीत ती गन बसतच नाही. अडॅप्टर लावून बसवली तर तिथल्या मांडणीसाठी झालेल्या तपासणीचा इथे काही आधार उरत नाही. आणखी एक बारकावा: यूएलच्या नेहमीच्या गोल शिक्क्याऐवजी उलटा आर आणि यू दिसला तर तपासलेला आहे तो आतला सुटा भाग, पूर्ण डबा नव्हे.

रिपोर्ट हातात आला की पहिल्याच पानावर दोन मिनिटं घालवा. कुणाच्या नावे दिलाय? डब्यावर एक नाव आणि रिपोर्टवर तिसऱ्याच कंपनीचं असेल, तर माल आणून वर आपलं स्टिकर लावलेलं असू शकतं. त्यात गैर काही नाही, पण मग दोघांतला संबंध सांगणारं पत्र हवं. मानकाच्या क्रमांकापुढे साल आहे का? प्रयोगशाळेचा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) शिक्का आणि टीसी या अक्षरांनी सुरू होणारा यूएलआर क्रमांक आहे का? तो प्रत्येक रिपोर्टला वेगळा असतो. मग एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेची व्याप्ती काढा. मान्यता केबल तपासायची आणि रिपोर्ट चार्जरचा, असा प्रकार असेल तर तिथेच कळतो. फोटो असतील तर डब्याशी ताडून बघा. स्क्रूच्या जागासुद्धा वेगळ्या सापडतात.

मागची भिंत

इथवर सगळं पास झालं तरी खरा गोंधळ यापुढे. कुठलाही रिपोर्ट डब्याच्या टर्मिनलपाशी संपतो. मागची वायर, एमसीबी, अर्थिंग याला कुणी प्रमाणपत्र दिलेलं नसतं, आणि ‘फ्री इन्स्टॉलेशन’मध्ये काटकसर नेमकी तिथेच होते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९ साली चार्जिंग स्टेशनचं प्रकरण जोडलं गेलं आणि २०२३ च्या नव्या नियमांतही ते आहे. त्यातल्या अटी घरालाही मोजपट्टी म्हणून लावाव्यात: प्रत्येक चार्जिंग पॉइंटला ३० मिलिअँपिअरची, किमान टाइप ए, न्यूट्रलसकट तोडणारी आरसीडी, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच, गाडी पॉइंटपासून ५ मीटरच्या आत, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. शेवटची अट आपल्या सोसायट्यांत सर्वांत जास्त मोडली जाते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीसारखी सोडलेली वायर हे काही दुर्मीळ दृश्य नाही.

वायरचं गणित. ३२ अँपिअरला तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर ‘चालते’ असं सांगितलं जातं. मोकळ्या हवेत, १०-१५ मीटरपर्यंत चालते. पण तीच भिंतीतल्या पाइपमधून, मे महिन्याच्या उकाड्यात नेली की ४० अँपिअरच्या एमसीबीला ती काठावर येते. एमसीबी पडायच्या आधी वायर तापते. शिवाय ३० मीटर अंतरावर ६ चौरसमध्ये जवळपास ७ व्होल्ट वायरमध्येच जातात, १० चौरसमध्ये चारच्या आसपास. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत अंतर असेल तर १० चौरसच मागा. कोटेशनमध्ये चौरस मिलिमीटर लिहिलेले नसतील तर कोटेशन परत पाठवा.

जळतं ते सहसा वायरीच्या मधे नाही, टोकाला. बहुतारी वायर नुसती पिळून टर्मिनलमध्ये कोंबली की काही तारा स्क्रूखाली येतच नाहीत. रात्री ती गरम होते, सकाळी थंड, असं रोज. महिना-दोन महिन्यांत स्क्रू ढिला पडतो, इन्सुलेशन तपकिरी होतं आणि पार्किंगमध्ये माशासारखा वास यायला लागतो. वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला स्क्रू आवळणं, एवढाच त्यावर उपाय. महिन्याने एकदा सप्लाय बंद करून ते स्क्रू पुन्हा तपासावेत.

बसवताना डब्याच्या माथ्यावर नवं भोक पाडून वायर आत घेतली की आयपीचा रिपोर्ट तिथेच फाटला. वायर खालूनच यावी, ग्लँड (वायर आत शिरते तिथली आवळायची कडी) वायरच्या जाडीची असावी आणि आत शिरण्याआधी वायरला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून ठिबकतं. मोकळी ग्लँड बुचाने बंद करा. पाणी शिरायच्या आधी पाल शिरते.

अर्थिंगवर चार्जर स्वतः लक्ष ठेवतो आणि गडबड दिसली की चार्जिंग नाकारतो. कोकणातल्या जांभ्यात किंवा देशावरच्या खडकात पावसाळ्यात बरा वाटणारा अर्थपिट एप्रिलमध्ये कोरडा पडतो आणि त्याचा रोध चढतो. तक्रार येते, ‘पावसाळ्यात चालायचा, उन्हाळ्यात चार्जर बिघडला.’ चार्जर ठणठणीत असतो, पिटमध्ये पाणी ओतायला हवं असतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. लोडवर दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर डब्याला दोष देण्याआधी पिट आणि न्यूट्रलचे जोड बघा.

आणि आता ज्याला उणे गुण द्यावेत ती वस्तू: ‘अर्थिंग नसतानाही चार्ज करा’ म्हणून विकला जाणारा अडॅप्टर प्लग. आत काय असतं? न्यूट्रल आणि अर्थ पिन जोडणारी एक तार. चार्जरला वाटतं अर्थ आहे, तो सुरू होतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, आणि आपल्याकडे ते सर्रास असतात, तर गाडीच्या सगळ्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. ओल्या फरशीवर अनवाणी पायाने दार उघडायला जाणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. अशी वस्तू कुठल्याच प्रयोगशाळेतून पास होऊ शकत नाही.

ऊन आणि १५ अँपिअरचा प्लग

डब्याच्या लेबलवर कमाल तापमान बघा: ४५, ५० की ५५ अंश. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ ला टेकते. पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात काळा डबा त्याहून कितीतरी जास्त तापतो. चांगला डबा अशा वेळी ३२ वरून १६ अँपिअरवर उतरतो. दुपारी चार्जिंग हळू झालं म्हणून त्याला शिव्या देऊ नका, वर पत्र्याची पडवी करा.

गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर, ज्याच्या वायरीत मधे एक ठोकळा असतो, तो स्वतः सहसा बरा असतो. रडतं ते घरातलं सॉकेट. मिक्सर-इस्त्रीसाठी बसवलेलं १६ अँपिअरचं सॉकेट १४-१५ अँपिअर सलग आठ तास द्यायला बनलेलं नसतं. पकड सैल होते, पिनेभोवती पिवळसर डाग पडतो. डाग दिसला की सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदललं तर जळकी पिन नव्या सॉकेटलाही खाते. निळं इंडस्ट्रियल सॉकेट त्याहून बरं, मात्र चार्जरचा प्लगही त्याच जातीचा हवा. प्लगमध्येच तापमानाचा सेन्सर असलेला पोर्टेबल चार्जर मिळत असेल तर त्याला थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

स्कूटरवाल्यांसाठी एवढंच: कोपऱ्यावरच्या दुकानातला ‘४८ व्होल्टचा’ चार्जर उचलू नका. १३ सेलच्या लिथियम पॅकला ५४.६ व्होल्टला थांबायचं असतं. लेड ॲसिडचा ४८ व्होल्टवाला ५८ च्या आसपास जातो. पिन बसते म्हणून चार्जर जुळतो असं नाही.

ताबा घेताना

इलेक्ट्रिशियन जायच्या आधी हे करून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती पडली पाहिजे. पण बटणाने फक्त यंत्रणा हलते का ते कळतं, म्हणून आरसीडी टेस्टरने ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडते का तेही मोजायला लावा. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) इन्सुलेशन किमान १ मेगाओहम भरलं पाहिजे. त्यासाठी चार्जर आणि सर्ज प्रोटेक्टर आधी सोडवून ठेवायचे, नाहीतर आतली सर्किटची पाटी उडेल. मग गाडी लावून पूर्ण ३२ अँपिअरवर तासभर चालवा आणि इन्फ्रारेड गनने एमसीबीची टर्मिनल बघा. पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश; एक टर्मिनल शेजारच्यापेक्षा वीस अंश गरम दिसलं तर तो जोड पुन्हा करायला लावा.

हे आकडे बिलाच्या मागे लिहून सही घ्या. आणि बिलावर ‘ईव्ही चार्जर फिटिंग’ असं मोघम नको. ‘४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, टाइप ए, दोन पोल’ असं लिहिलेलं हवं, कारण डीबीचं झाकण लागलं की आत टाइप एसी बसवलीय की टाइप ए, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही.